टीएसएच नॉर्मल आहे, मग हार्मोनच्या डॉक्टरांकडे कशाला?
बीडच्या एका ताईंनी विचारलंय, टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारा हार्मोन) नॉर्मल आलाय तर थकव्यासाठी संभाजीनगरपर्यंत एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, कशाला जायचं? साध्या हायपोथायरॉइडला (थायरॉइड कमी पडणं) खरंच गरज नसते. जवळचा फिजिशियन गोळी सुरू करून 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच बघतो, तेवढं पुरतं. पण ताईंनी जाता जाता लिहिलंय ते जास्त महत्त्वाचं आहे: बाळंतपणात खूप रक्त गेलं, अंगावर दूध आलं नाही, पाळी परतली नाही. हा शीहान सिंड्रोम (बाळंतपणातल्या जास्त रक्तस्रावामुळे पिट्यूटरीला होणारी इजा) असू शकतो. यात टीएसएच बनवणारी मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथीच दुखावलेली असते, त्यामुळे थायरॉइड कमी पडलं तरी टीएसएच हवा तसा वाढत नाही. म्हणून सोबत फ्री टी4 (रक्तातला प्रत्यक्ष थायरॉइड हार्मोन) हवाच. शिवाय सकाळी 8 च्या सुमारास कॉर्टिसॉल (शरीराला ताण झेलायला लागणारा हार्मोन), आणि प्रोलॅक्टिन (दुधाचा हार्मोन), एफएसएच (पाळीशी संबंधित हार्मोन), सोडियम.

तज्ज्ञ लागतो तो औषधाच्या क्रमासाठी. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) दिलं तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरणारं औषध), मग थायरॉक्सिन. जाताना बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड न्या (रक्त चढवल्याची नोंद त्यात सापडते). मधेच उलट्या, चक्कर, गुंगी सुरू झाली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. सिव्हिल हॉस्पिटल नाहीतर अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल ते गाठा.