४० मीटरचं क्यूआरपी किट: रिसीव्ह झकास, पॉवर मात्र १ वॉट

टिकटिक: मंडळी, ४० मीटर बँडचं (७ मेगाहर्ट्झ) सीडब्ल्यूचं, म्हणजे मोर्सचं, क्यूआरपी (कमी पॉवरचं) रेडिओ किट जोडून झालं, रिसीव्हर पहिल्या झटक्यात चालला, रात्री ७.०३० मेगाहर्ट्झच्या आसपास बरीच स्टेशनं ऐकू येतायत. घोळ ट्रान्समिटला आहे. माहितीपत्रकात १२ व्होल्टला ४ वॉट लिहिलंय आणि इथे जेमतेम १. ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावलाय. फायनलचे (शेवटच्या पॉवर स्टेजचे) तिन्ही बीएस१७० ट्रान्झिस्टर जाम तापतात, तेच बदलून टाकू का?

तारवाला: थांबा हो, आधी मोजलंत कशाने ते सांगा. साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजला ७ मेगाहर्ट्झ झेपत नाही, काहीही आकडा दाखवतो. डमी लोडवर डायोड-कपॅसिटर लावून पीक व्होल्टेज घ्या, त्याचा वर्ग करा, १०० ने भागा, झाले वॉट. ४ वॉटला २० व्होल्ट यायला हवेत. आणि मोर्सची की (बटण) दाबल्यावर सप्लायचा करंट किती?

टिकटिक: डायोडनेच मोजलंय, त्याचा ड्रॉप धरून १० व्होल्ट. करंट अर्धा अँपिअर.

तारवाला: मग ट्रान्झिस्टरना सध्या हात लावू नका. ६ वॉट आत जातायत, १ बाहेर येतोय, उरलेले बहुतेक त्या तीन चिमुकल्यांच्या डोक्यावर, तापणार नाहीत तर काय! ड्राइव्हच (फायनलला मिळणारा सिग्नल) कमी असता तर करंटही बहुधा कमी दिसला असता. माझा संशय लो-पास फिल्टरच्या (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या) टोरॉइडवर, म्हणजे कड्यासारख्या कोरवर तार गुंडाळलेल्या कॉइलवर. वेढे परत मोजा, तार भोकातून एकदा गेली की एक वेढा, बाहेरून मोजलं की हमखास एक इकडे-तिकडे होतो. कोरचा रंगही बघा. २१ वेढ्यांना पिवळ्या टी३७-६ वर साधारण १.३ मायक्रोहेन्री मिळतात, लाल टी३७-२ वर पावणेदोनच्या वर जातात, मग फिल्टर ७ मेगाहर्ट्झलाच अडवायला लागतो.

भोंगा७३: त्याआधी तारेवरचं इनॅमलचं कोटिंग!! तारेचं टोक नीट खरवडलं नसेल तर सोल्डर वरून चकचकीत दिसतं आणि आत कनेक्शनच नसतं. दोन्ही पॅडमध्ये कंटिन्युइटी बघा, पण तारेवर प्रोब टेकवू नका, पॅडवरच टेकवा.

तारवाला: हो, ते पहिलं. ते ठीक निघालं तर वेढे जरा फाकवून बघा, इंडक्टन्स उतरतो, एकमेकांजवळ सरकवले की चढतो. काड्यापेटीतल्या काडीने सरकवा, धातूचं काही नको, आणि की दोन-चार सेकंदांच्या वर दाबून धरू नका.

भोंगा७३: फाकवणं ठीक, पण वॉट वाढतायत म्हणून वेढेच काढत सुटू नका राव. कटऑफ (फिल्टर जिथून अडवायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) वर सरकला की १४ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (७ च्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) अँटेनापर्यंत पोचतो. मी तर ३ वॉटवर खुशाल थांबलो असतो, समोरच्याला ३ आणि ४ मधला फरक कळतही नाही.