विषय: गोट्याच्या गोळीवरचं चीज – कुत्र्याला द्यावं की नाही?

प्रेषक: गोट्याची आई, व्हेरोना, विस्कॉन्सिन
गुरुवार, रात्री

सप्रेम नमस्कार मंडळी,

सहलीला ज्यांनी आमच्या गोट्याला पाहिलं त्यांना आठवत असेल, तो जरा लंगडत होता. मला वाटलं खेळताना पाय मुरगळला असेल. दोन दिवसांनी तो जिना उतरेना. अंग तापलेलं, आणि आधी उजवा पाय उचलून धरत होता तो आता डावा धरायला लागला. व्हेटकडे नेलं, रक्त तपासलं, लाइम निघाला, म्हणजे गोचिडीपासून होणारा आजार. डॉक्सिसायक्लिन दिली आहे, दिवसातून दोनदा, महिनाभर.

प्रश्न या गोळीचा आहे. गोट्या बिगल, चार वर्षांचा, वजन ११ किलो. खायला कशालाही नाही म्हणत नाही, पण गोळी मात्र जिभेने बरोबर बाजूला काढतो आणि सोफ्याखाली टाकतो. माझे वडील साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांनी युक्ती काढली. चेडरची चकती तळहातावर धरून उबवायची, मऊ झाली की गोळी आत घालून पेढा वळायचा. गोट्या एका घासात गट्टम करतो. शिवाय सकाळी बाबांच्या टोस्टवरची अर्धी चकतीही त्यालाच जाते, ते निराळंच.

काल शेजारीण म्हणाली, कुत्र्याला चीज म्हणजे विष. इंटरनेटवर शोधलं तर एक जण होय म्हणतो, दुसरा नाही. बाबांना नुसतं ‘देऊ नका’ म्हणणं मला जमणार नाही. आई गेल्यापासून त्यांचा सगळा जीव या कुत्र्यात गुंतलाय. त्यांना नीट कारण सांगता यायला हवं. कुणाला माहीत असेल तर कृपया लिहा.

---

प्रेषक: बंड्याचे बाबा, सन प्रेरी
गुरुवार, रात्री

ताई, काळजी करू नका. आमचा बंड्या लॅब्रॅडॉर, ३४ किलोचा, आता तेरा वर्षांचा आहे. पिल्लू असल्यापासून दर शनिवारी कॅपिटॉल स्क्वेअरच्या बाजारातून आम्ही ताज्या चीज कर्डची, म्हणजे न मुरवलेल्या चीजच्या तुकड्यांची पिशवी आणतो, दाताखाली चुईंचुईं वाजणारे. त्यातले दोन-तीन बंड्याचे ठरलेले. कधी पोट बिघडलं नाही. देशातलं जवळजवळ पाव चीज आपल्या विस्कॉन्सिनमध्ये होतं, इथल्या निम्म्या कुत्र्यांना ते मिळत असणार. विष वगैरे काही नाही. काकांना खुशाल देऊ द्या.

---

प्रेषक: मिडलटनची पशुवैद्य
शुक्रवार, पहाटे

ताई,

आधी गोळीचं सांगते, कारण ते आजच बदलायला हवं. आजपासून ती गोळी चीजमध्ये देऊ नका.

डॉक्सिसायक्लिन टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकांच्या घराण्यातली. दूध, दही, चीज यांतलं कॅल्शियम आतड्यात या औषधाला धरून बसतं आणि त्यातलं काही रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. जुन्या टेट्रासायक्लिनला हा त्रास जास्त होता, डॉक्सिला कमी. पण महिनाभर ज्याच्या भरवशावर राहायचं त्या औषधाचा थोडा भाग तरी का वाया घालवायचा? गोळीच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर दुधाचं काही नको. अन्नाबरोबर दिलेली बरी, नाहीतर उलटी होते. वर थोडं पाणी पाजा. आतापर्यंत चीजमधून किती गोळ्या गेल्या ते तुमच्या व्हेटना फोन करून सांगा. राहिलेलं भरून काढायला एकदम दोन गोळ्या मात्र देऊ नका.

लाइम आपल्या राज्याला नवा नाही. अमेरिकेतच लागण झालेल्या माणसाच्या अंगावरच्या लाइमच्या पसरत जाणाऱ्या लाल चट्ट्याची पहिली नोंद मिल्वॉकीचे त्वचारोगतज्ज्ञ रुडॉल्फ स्क्रिमेंटी यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केली. रुग्ण विस्कॉन्सिनच्या जंगलात शिकारीला गेलेला होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणारं लंगडणं ही कुत्र्यांमधली अगदी ओळखीची खूण. तुम्ही ते टिपून वेळेवर नेलंत, हे फार चांगलं झालं.

आता चीजचं. शेजारीणबाईंचं बरोबर नाही, आणि बंड्याच्या बाबांचं बरोबर आहे ते बंड्यापुरतं.

दुधाचा त्रास होतो तो लॅक्टोजमुळे. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही, मग गॅस, जुलाब. पण चीज करताना लॅक्टोजचा मोठा हिस्सा पाण्याबरोबर निघून जातो, आणि चीज मुरत ठेवलं की उरलेलंही जिवाणू खाऊन टाकतात. म्हणून महिनोन्‌महिने मुरलेल्या चेडरमध्ये लॅक्टोज जवळपास नसतंच. ताज्या, मऊ चीजमध्ये त्याहून जास्त उरतं. ‘चीज पचत नाही’ ही भीती कडक, जुन्या चीजच्या बाबतीत फारशी खरी नाही.

खरी अडचण चरबीची. चेडरचा जवळजवळ तिसरा हिस्सा चरबी असते. सँडविचची एक जाड चकती, साधारण २८ ग्रॅम, म्हणजे ११५ कॅलरी. ११ किलोच्या गोट्याला दिवसभरात लागतात अंदाजे ६०० ते ७००. वरचा खाऊ सगळा मिळून दहा टक्क्यांच्या आत ठेवा असं आम्ही सांगतो, म्हणजे साठ-पासष्ट. टोस्टवरच्या अर्ध्या चकतीतच तेवढं झालं. वर गोळीचे दोन पेढे! बंड्या ३४ किलोचा, त्याला दोन-तीन कर्ड म्हणजे काहीच नाही. पाच किलोच्या एखाद्या चिवावाला तेवढ्यात दिवसभराच्या खाऊची मर्यादा संपेल.

मग मिठाचं. मिल्वॉकी शहराने २०१३ च्या हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळवायला चीज कारखान्यांतलं उरलेलं खारं पाणी वापरून पाहिलं होतं. चीज किती खारात मुरतं याचा अंदाज त्यावरून यावा. प्लॅस्टिकमधल्या पिवळ्या प्रोसेस्ड चकत्यांत तर चेडरच्या दुपटीच्या आसपास मीठ सापडतं. निरोगी कुत्रा पाणी पिऊन निभावतो. ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे त्यांना अजिबात देऊ नका. लाइममध्ये क्वचित मूत्रपिंडावरही परिणाम होतो, तेव्हा गोट्याची लघवी तपासून घेतली आहे ना, ते व्हेटना विचारा.

दोन गोष्टींवर मात्र माझी पूर्ण बंदी आहे.

एक, निळं चीज. रोकफोर, गोर्गोन्झोला, ज्यात निळ्या-हिरव्या शिरा दिसतात ते सगळं. त्या बुरशीपासून रोकफोर्टिन नावाचं द्रव्य तयार होतं. त्याने कुत्र्याला उलट्या होतात, अंग थरथरतं, ताप चढतो, झटकेही येतात. फ्रिजमध्ये राहून बुरशी आलेलं कुठलंही चीज तितकंच वाईट, तेव्हा ते कंपोस्टच्या उघड्या ढिगावर टाकू नका. कुत्री उकरून खातात. कंपोस्ट खाऊन थरथरत आलेली कुत्री मी टेबलावर हाताने धरून ठेवली आहेत.

दोन, लसूण-कांदा घातलेलं चीज. क्रीम चीजचे किती प्रकार चाईव्ह आणि लसणीचे असतात ते डबीवर वाचा. सहलीला तळलेल्या कर्डबरोबर जे पांढरं डिप होतं त्यातही दोन्हींची पूड असते. याने तांबड्या पेशी फुटतात, आणि ते लगेच कळत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, कुत्रा मलूल होतो, तोवर खाल्लेलं कुणाला आठवतही नसतं.

घरी मी स्वतः माझ्या कुत्रीला चीज देते. नखं कापताना, कडक चेडरचे हरभऱ्याएवढे तुकडे. एका तुकड्याला चार-पाच कॅलरी. कुत्र्याला आकार कळत नाही, मिळालं एवढंच कळतं. काकांना हे एवढं सांगून पाहा.

रात्री-अपरात्री काही भलतं खाल्लं तर एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या विषबाधा केंद्राचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा: ८८८-४२६-४४३५. पैसे घेतात, पण चोवीस तास पशुवैद्य मिळतात.

---

प्रेषक: बुवाची आजी, फिचबर्ग
शुक्रवार, दुपारी

सर्वांना नमस्कार. डॉक्टरबाईंनी चरबीचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

आमचा बुवा म्हणजे मिनिएचर श्नाउझर, दाढीमिश्यांमुळे नातवाने हे नाव ठेवलं. दोन वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरला घरी पार्टी होती, मधोमध वितळलेल्या चीजचं भांडं. मुलं पाव बुडवून खात होती आणि टेबलाखाली बुवालाही देत होती. मी पाहिलं, सणाचा दिवस म्हणून बोलले नाही. पहाटे तीनला नखांचा आवाज ऐकून उठले. स्वयंपाकघरात बुवा पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकवून, छाती खाली आणि कंबर वर अशा अवस्थेत उभा. देवापुढे वाकल्यासारखा. हलेना. हात लावला तर पोट दगडासारखं. मग उलट्या सुरू झाल्या.

स्वादुपिंडाला सूज आली होती. चार रात्री दवाखान्यात सलाइनवर काढल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की श्नाउझरच्या रक्तात मुळातच चरबी जास्त असते, त्यांना एकच जड जेवणही पुरतं. आम्ही त्याला सहा वर्षं सांभाळत होतो, पण हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आता बुवाला चीजचा कणही नाही. ज्यांच्याकडे श्नाउझर आहे, किंवा ज्यांच्या कुत्र्याला हा त्रास एकदा होऊन गेला आहे, त्यांनी हरभऱ्याएवढंही देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. आणि कुत्रा तसा वाकून उभा दिसला तर सकाळची वाट पाहू नका.

---

प्रेषक: चिकूची ताई, जेन्सव्हिल
शुक्रवार, संध्याकाळी

डॉक्टर, घरचं पनीर चालेल का? आणि चक्का किंवा श्रीखंड? आमच्याकडे दसऱ्याला चिकूलाही चमचाभर असतं.

---

प्रेषक: मिडलटनची पशुवैद्य
शुक्रवार, रात्री

पनीर घरचं, बिनमिठाचं, कमी चरबीच्या दुधाचं असेल तर चालेल. एक-दोन छोटे तुकडे. ते मुरवलेलं नसतं म्हणून चेडरपेक्षा लॅक्टोज जास्त, तेव्हा पहिल्यांदा अगदी थोडं देऊन दुसऱ्या दिवशीची शी बघा. मटार पनीर, पालक पनीर धुऊन दिलं तरी नको, कांदा-लसूण आत मुरलेला असतो.

साधा चक्का चमचाभर ठीक. श्रीखंड नको. साखर आहेच, जायफळ जास्त झालं तर तेही वाईट, आणि कुणी बेदाणे घातले असतील तर सरळ धोका. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं एएसपीसीएच्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडलं. आपल्या चिंचेत हेच आम्ल भरपूर असतं. म्हणून चिंच-गुळाची आमटी घातलेला भातही कुत्र्याच्या ताटलीत नको. आपल्या घरांत चीजपेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते, कारण उरलेला आमटी-भात कुत्र्याला घालायची आपली जुनी सवय.

---

प्रेषक: गोट्याची आई, व्हेरोना
पुढच्या गुरुवारी

मंडळी, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

व्हेटना फोन केला. गोळ्या तशाच चालू ठेवा, चीज बंद, जादा गोळी नको, असंच सांगितलं. लघवी तपासली, ठीक आहे.

डॉक्टरांचं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘औषध वाया जातं’ एवढं ऐकल्यावर त्यांनी पुढचं ऐकायच्या आधीच फ्रिजमधली चकत्यांची पुडी मागच्या कप्प्यात सरकवली. बाबा माळकरी आहेत, चिकनला हात लावत नाहीत, म्हणून त्यांनी रताळं निवडलं. उकडून, सोलून, बोटांनी शिरा काढून त्याचा मुटका करतात. पहिले दोन मुटके रिकामे, तिसऱ्यात गोळी, चौथा पुन्हा रिकामा. चौथा समोर दिसत असला की गोट्या तिसरा न चावताच गिळतो. मग बाबा त्याचा जबडा उघडून जीभ वर करून बघतात आणि पाण्याचा वाडगा पुढे करतात. आठ दिवसांत एकही गोळी सोफ्याखाली सापडली नाही.

चेडर दुपारी, गोळीपासून लांब. आईच्या हळदीकुंकवाच्या छोट्या वाटीत बाबा सकाळीच मोजून आठ तुकडे ठेवतात. वाटी रिकामी झाली की संपलं.

गोट्या काल जिना उतरला. हळू, पण चारही पायांवर. संध्याकाळी फिरून आला की बाबा चष्मा लावून त्याला मांडीवर घेतात आणि कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात केस बाजूला करून बघतात. गोचिडीचं पिल्लू खसखशीएवढं असतं आणि मोठी तिळाएवढी, असं व्हेटने सांगितलं, ते त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं. मंगळवारी एक सापडली, अजून चिकटायची होती.

पुढच्या सहलीला तळलेले कर्ड आणि डिप उंच टेबलावर ठेवूया का? आणि कुणाकडे गोचीड काढायचा बारीक टोकाचा चिमटा जास्तीचा असेल तर आणा, आमचा बाबांनी मागच्या वेळी तिथेच गवतात हरवला.