मदत हवी आहे: सोलापूर ते जैसलमेर स्वतःच्या गाडीनं, तंबू नक्की कुठं लावता येतो?

कडक_भाकरी:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि धाकटे दीर असे चौघं गाडीनं वाळवंटाकडं निघतोय. तुळजापूर, बीड, संभाजीनगर, धुळे, तिथून सुरत-वडोदरा करून भावनगरजवळचं काळविटांचं वेळावदर, मग कच्छचं छोटं रण, आणि राधनपूर-सांचोर-बाडमेरमार्गे जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आत परत यायचंय. अक्षता चुकल्या तर सासूबाई पुढच्या वर्षी गाडीची किल्लीच देणार नाहीत.

मूळ खटाटोप माळढोक पक्ष्यासाठी. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, खास त्याच्यासाठी झालेलं. तिथं काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा दिसतो, पण माझ्या पोरानं माळढोक फक्त फलकावर बघितलाय. त्याला खरा दाखवायचाय. आणि खोलीच्या खिडकीतून वाळवंट बघायचं नाहीये. चालायचंय, आपल्या तंबूत झोपायचंय. जैसलमेरजवळच्या समच्या कॅम्पांचे डीजेवाले व्हिडिओ बघितले. तसला धिंगाणा आमच्या गल्लीत लग्नसराईत फुकट मिळतो.

तर पार्काच्या हद्दीत तंबू लावू देतात का? पायी कुठं फिरता येतं? गाडी साधी हॅचबॅक आहे, रणात आणि वाळूत चालेल का? थंडी किती धरायची? खाण्याची चिंता नाही, कडक भाकरी आणि शेंगाचटणी डबे भरून घेतोय.

भटक्या_बार्शीकर:
ताई, पार्कात स्वतःचा तंबू हे डोक्यातून काढा. नावात नॅशनल पार्क असलं तरी सरकारदरबारी ते १९८० सालचं अभयारण्य आहे, ३,१६२ चौ. किमी. आत गावं आहेत, ढाण्या (छोट्या वस्त्या) आहेत, मेंढ्या चरतात. त्यामुळं हद्द कुठं लागली हे रस्त्यावरून कळतच नाही आणि माणूस सहज आत शिरतो. माळढोक (तिकडं गोडावण म्हणा, नाहीतर कुणाला कळणार नाही) बघायचा तर पार्कातलं सुदासरी. परवान्याचं जैसलमेरात पोचल्या पोचल्या वनखात्याच्या कार्यालयात बघा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

पायी फिरू देत नाहीत याचा राग मानू नका. मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, बहुतेक वेळा एकच. माणूस जवळ आला की ती उठून जाते, आणि कोल्हा-कुत्रा टपलेलाच असतो. त्यात हा पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो, समोरचं त्याला नीट दिसत नाही, विजेच्या तारा दिसेपर्यंत धडकलेला असतो. उरलेत थोडेच. तेव्हा दुर्बीण न्या आणि लांबूनच बघा.

चालायची हौस अकलला भागवा. बाडमेरहून येताना जैसलमेरच्या अलीकडं १७ किमीवर फॉसिल पार्क आहे. १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडलीत. आज तिथं सावलीला झाड शोधावं लागतं आणि पायाशी जंगलाचे ओंडके. पोराला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त कळेल. तंबूसाठी खुरी बघा. गावात घरगुती मुक्काम मिळतात. यजमानांना विचारून त्यांच्याच आवारात लावा, पहाटे टेकड्यांवर तेच घेऊन जातील.

सातरस्ता:
छोट्या रणात स्वतःची गाडी घालू नका बे! वरनं खडखडीत दिसतंय, पण पावसाळ्यात सगळं पाण्याखाली असतंय आणि डिसेंबरातही पापुद्र्याखाली चिखल राहतोय. चाक एकदा बसलं की ट्रॅक्टर शोधत बसा, आणि खूण म्हणावी असं झाड नाही की दगड नाही. पाटडी-बजाणाकडं स्थानिक माणसाची जीप घ्या. रानगाढवांचे कळप तोच बरोबर दाखवतोय.

जैसलमेरला डांबरी सोडू नका. सोडावीच लागली तर टायरची हवा ३२ वरनं २० वर आणा, आणि वर आल्यावर भरायला छोटा पंप जवळ ठेवा. वेड्या बाभळीचे काटे सगळीकडं आहेत, पंक्चर किट पाहिजेच. पाणी माणशी रोज चार-पाच लिटर धरा. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत, मग दुपारी डोकं धरून बसतात.

कडक_भाकरी:
दोघांचेही आभार. म्हणजे वेळावदरला मुक्कामाला वनखात्याचं काळियार भवन, रणात जीप, खुरीला तंबू, सुदासरीला परवाना. पोराला आत्ताच सांगून टाकते की माळढोक दिसेलच असं नाही. दीर म्हणतायत स्लीपिंग बॅग कशाला, दोन चादरी बास. चादरी आपल्या असल्या म्हणून काय झालं! आणि फुरसं तिकडंही असतंय ना?

भटक्या_बार्शीकर:
असतं. थंडीत बाहेर कमी दिसतं, पण बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत आणि तंबूची चेन उघडी ठेवायची नाही. विंचवासाठीही तेच. रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो, दुपारी पंचविशीच्या आसपास. दिरांना चादरी नेऊ द्या, पण बॅगा चारच घ्या.

सातरस्ता:
आणि धुळ्याहून सुरतेकडं उतरताना कोंडाईबारी घाट दिवसाउजेडी करा. रात्री ट्रकांची रांग असती. सोलापूर पहाटे चारला सोडलं तर जमतंय.

कडक_भाकरी:
चारला म्हणजे आमच्याकडं साडेपाच. पहिला मुक्काम धुळ्यातच करते मग. गाडी आवारात लावता येईल असा लॉज कुणाला माहीत आहे का?