ऑक्साइडांमध्ये चुंबकत्व आणि अतिवाहकता एकत्र कशी नांदतात?

शीतबिंदू:
अतिवाहक पदार्थ (पुरेसा थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणारा) चुंबकीय क्षेत्र आपल्यातून बाहेर ढकलतो, हे माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले. अतिवाहकता घडवणाऱ्या नेहमीच्या कूपर जोडीत दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाला सूक्ष्म चुंबक बनवणारा अंगभूत गुण) परस्परविरुद्ध असतात, तर लोहचुंबकात ते एकाच दिशेला वळू पाहतात. असे असूनही लॅन्थॅनम अल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटॅनेट यांच्या सांध्यावर दोन्ही गुणधर्म एकाच वेळी आढळल्याचे वाचले. तेच इलेक्ट्रॉन दोन्ही कामे करतात का?

स्फटिकवेडा:
चुंबकीय अणू जवळ असला एवढ्यानेच जोडी तुटत नाही. जोडीतील इलेक्ट्रॉनांच्या स्पिनांशी त्याच्या स्पिनाची आंतरक्रिया व्हावी लागते. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये यिट्रियमच्या जागी गॅडोलिनियम घातले, तर प्रत्येक अणूवर सात अयुग्मित इलेक्ट्रॉन येऊनही अतिवाहकता सुमारे ९२ केल्विनपर्यंत टिकते आणि २.२ केल्विनच्या खाली गॅडोलिनियमचे स्पिन प्रतिलोहचुंबकी रचनेत (शेजारचे स्पिन उलट दिशांना) लागतात, तरी ती मोडत नाही. कारण ते इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाजवळ घट्ट बांधलेले असतात आणि अतिवाहकता जिथे घडते त्या तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलांपर्यंत (सपाट थरांपर्यंत) जवळजवळ पोहोचतच नाहीत. याउलट त्या प्रतलातील तांब्याच्या जागी थोडेसे जस्त गेले, तर जस्त स्वतः चुंबकीय नसूनही क्रांतिक तापमान (ज्याच्या खाली अतिवाहकता येते ते) झपाट्याने घसरते. मला हा विरोधाभास फार बोलका वाटतो.

सांधेजोड:
आपण विचारलेल्या सांध्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. दोन्ही ऑक्साइडे विद्युतरोधक असली तरी त्यांच्या सांध्यावर वाहक थर तयार होतो, हे ओहतोमो आणि ह्वांग यांनी २००४ मध्ये दाखवले. त्यासाठी अल्युमिनेटचे किमान चार एकक-थर (प्रत्येक स्फटिकाच्या एका एककाएवढा जाड) लागतात. सुमारे ०.२ केल्विनला तो थर अतिवाहक होतो, हे २००७ मध्ये दिसले. पुढे २०११ मध्ये स्क्विडचे (अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या अतिवाहक उपकरणाचे) बारीक कडे पृष्ठभागावरून फिरवून स्थानिक क्षेत्र मोजले, तेव्हा इकडेतिकडे विखुरलेले सूक्ष्म चुंबकी ठिपके आढळले आणि अतिवाहकताही सगळीकडे सारखी नव्हती. त्याच वर्षीच्या न्यूट्रॉन-परावर्तनाच्या (थरांवरून न्यूट्रॉन परावर्तित करून चुंबकत्व मोजण्याच्या) मोजमापांत मात्र एकूण चुंबकत्व फारच कमी असले पाहिजे असे निघाले. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन टायटॅनियमपाशी किंवा ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांपाशी अडकून चुंबकत्व देतात आणि मोकळे इलेक्ट्रॉन अतिवाहकता, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. पण नमुना कसा वाढवला यावर पुष्कळ अवलंबून असल्याने ते अंतिम मानू नये.

शीतबिंदू:
आभारी आहे. मग रुथेनियम असलेल्या क्युप्रेटमध्येही (तांबे-ऑक्सिजनची प्रतले असलेल्या ऑक्साइडमध्ये) वाटणी अशीच असते का?

स्फटिकवेडा:
बऱ्याच अंशी. तेथे रुथेनियमचे थर सुमारे १३३ केल्विनलाच चुंबकीय होतात आणि अतिवाहकता पुढे, जास्तीत जास्त ४६ केल्विनच्या आसपास, तांब्याच्या प्रतलांत येते. रुथेनियमचे स्पिन मुख्यतः प्रतिलोहचुंबकी असून किंचित कललेले असतात, म्हणून एकूण चुंबकत्व अल्प उरते आणि शेजारच्या प्रतलांना ते सोसवते.