पुणे स्टेशनजवळ १८ खोल्यांचं लॉज: राष्ट्रीय हॉटेल संघटनेचं सभासदत्व घ्यावं का? (मदत हवी आहे)

शनिवारपेठी
नमस्कार मंडळी. वर १८ खोल्या, खाली ५० जणांचं शाकाहारी रेस्टॉरंट. खोलीचा दर १,८०० ते २,४००. स्टार वगैरे नाही. शहरातल्या संघटनेचे सभासद आहोतच. आता दिल्लीच्या फेडरेशनचं सभासदत्व घ्या असा सल्ला मिळतोय. म्हणून विचारतो:

१. फेडरेशन नक्की काय करतं? कॅलेंडर आणि दिवाळीच्या शुभेच्छा सोडून.
२. एका ऑनलाइन बुकिंग कंपनीचं कमिशन २० टक्के आहे, वर "स्वतःच्या वेबसाइटवर आमच्यापेक्षा कमी दर लावायचा नाही" अशी अट. यात संघटना पडते का?
३. वीजबिल व्यापारी दराने येतं. हॉटेलांना औद्योगिक दर मिळतो म्हणतात, खरं का?
४. फायर आणि फूड लायसन्सच्या वेळी संघटनेचं पत्र चालतं का?

ताटवाटी
आधी नावांचा गुंता सोडवू. फेडरेशन म्हणजे फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्स ऑफ इंडिया, धंद्यातल्या बोलीत एफएचआरएआय. स्थापना १९५५. तिच्याखाली उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार विभागीय संघटना. महाराष्ट्र पश्चिमेत येतो, त्या संघटनेचं नाव एचआरएडब्ल्यूआय, कचेरी मुंबईत. त्यामुळे दिल्लीला फोन करण्याआधी मुंबईला करा. एनआरएआय वेगळी, ती फक्त रेस्टॉरंटवाल्यांची. 'आहार' ही मुंबईच्या हॉटेलवाल्यांची संघटना. एचएआयमध्ये मुख्यतः मोठी हॉटेलं. लॉज आणि रेस्टॉरंट दोन्ही असलेल्यांना फेडरेशनच जुळतं.

कामाचं म्हणाल तर जीएसटी, पर्यटन मंत्रालय, कोर्ट आणि स्पर्धा आयोग ही फेडरेशनची मैदानं. मंत्रालयाच्या स्टार वर्गीकरण समितीतही हॉटेल संघटनांचे प्रतिनिधी बसतात. दारूवरचा व्हॅट, परमिट रूमची फी, बंदची वेळ हे राज्याचं, तिथे विभागीय संघटना लागते. फुटपाथवरची पाटी आणि कचऱ्याची गाडी ही शहरातल्या संघटनेची कामं. तिघींकडून एकच काम मागितलं की चिडचिड होते, आणि वर्गणी वाया गेली असं वाटतं.

हिशेबनीस
प्रश्न २ चं उत्तर लांब आहे, कारण पैसा तिथेच गळतो.

फेडरेशनच्याच तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ ला मेकमायट्रिप-गोआयबीबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी दंड लावला. तुम्ही लिहिलीत तीच अट, म्हणजे रेट पॅरिटी, त्या आदेशात होती. मेकमायट्रिप-गोआयबीबोला हॉटेलांबरोबरच्या करारांतून दराची आणि खोल्यांच्या उपलब्धतेची पॅरिटी काढायला सांगितलं गेलं. तुमची कंपनी दुसरी असेल तर आदेश तिला थेट लागू होत नाही, पण करार नूतनीकरणाला आला की ईमेलवर त्याचा हवाला देऊन ते कलम वगळायला सांगा. फोनवर बोलू नका, फोनवरचा 'हो' उद्या सापडत नाही. आणि लक्षात घ्या, कमिशन किती टक्के असावं हे त्या आदेशाने ठरवून दिलेलं नाही. २० चे १६ करायचे तर वाटाघाटी तुम्हालाच करायच्या आहेत.

आता एका बुकिंगचा हिशेब. खोली २,००० रुपये, ५ टक्के जीएसटी १००, गिऱ्हाईक देणार २,१००. त्यातून कमिशन ४००, कमिशनवर १८ टक्के जीएसटी ७२, टीसीएस (बुकिंग कंपनी आधीच कापून भरते तो जीएसटी) अर्धा टक्का म्हणजे १०, टीडीएस (तसाच आधी कापलेला आयकर) ०.१ टक्का म्हणजे २. खात्यात येतात १,६१६. त्यातले १०० सरकारचे, उरले १,५१६.

टीसीएसचे १० जीएसटी पोर्टलवर तुमच्या कॅश लेजरमध्ये मिळतात, पण पोर्टलवर ती रक्कम स्वीकारावी लागते. बरेच जण हे विसरतात. टीडीएसचे २ आयकरात वळते होतात. ७२ मात्र गेलेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के कर आला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घ्यायची सोय, बंद झालं. लाँड्री, कमिशन, एसीची दुरुस्ती, सगळ्यावरचा जीएसटी आता खर्चात धरा. गिऱ्हाइकाला स्वस्त पडलं, लॉजवाल्याला तेवढं नाही. असा मुद्दा एकट्या पुण्याच्या लॉजने मांडून कोणी ऐकणार नाही. माझ्या मते वर्गणी द्यायचं खरं कारण हेच.

वरचा_मजला
वीज: खरं आहे, पण आपोआप होत नाही. महाराष्ट्राने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा १९९९ मध्येच दिला होता. वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने घ्यायची अंमलबजावणी १ एप्रिल २०२१ पासूनची. स्टार नसेल तर पर्यटन संचालनालयाचे किमान निकष पूर्ण करून तिथे नोंदणी करायची. पुण्यात विभागीय कार्यालय आहे. प्रमाणपत्र हातात आलं की महावितरणकडे दरवर्ग बदलायचा अर्ज.

अडतं कुठे? मीटरवरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही तिथे. किंवा एकाच मीटरवर लॉज, खालचं मोबाइलचं दुकान आणि मालकाचं घर. आधी मीटर वेगळे करा.

ताटवाटी
प्रश्न ४: पत्र बघून फायरवाला परत जात नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलै, असा वर्षातून दोनदा फॉर्म बी (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) द्यावा लागतो, तोही परवानाधारक एजन्सीचा. घेताना एजन्सीच्या परवान्याची मुदत संपलेली नाही ना, हे बघा. फूडचं म्हणाल तर १४ अंकी लायसन्स नंबर बिलावर छापलेला हवा (१ जानेवारी २०२२ पासून सक्ती), दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित फूड सेफ्टी सुपरवायझर हवा, आणि तळणीच्या तेलातले पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की तेल बाद. वडे-पुऱ्यांची कढई असेल तर संध्याकाळी तेलाचा रंग आणि फेस बघायची सवय आचाऱ्याला लावा. संघटना फार तर प्रशिक्षणाची बॅच लावून देईल.

शनिवारपेठी
हिशेबनीस, ते ७२ आम्ही कधी मोजलेच नव्हते. आणखी एक: बिलात ५ टक्के सर्व्हिस चार्ज छापतो. फेडरेशनने कोर्टातून स्थगिती आणली होती असं ऐकलं. आणि पाण्याची बाटली २० ची ३० ला लावली की गिऱ्हाईक भांडतं.

हिशेबनीस
स्थगिती जुनी झाली, ती जुलै २०२२ ची. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम कायम ठेवले आणि फेडरेशन व एनआरएआय दोघांना प्रत्येकी १ लाख दंड केला. संघटना हरतेही, हे धरून चाला. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ आजच बंद करा. नाव बदलून 'स्टाफ वेल्फेअर' वगैरे लिहिलंत तरी चालणार नाही. गिऱ्हाइकाने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला की तुमचं बिल हाच पुरावा.

बाटलीत मात्र फेडरेशन जिंकलंय. १२ डिसेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: टेबलावर बसवून, सेवा देऊन बाटली दिली तर एमआरपीचं बंधन नाही. पण दर मेनूकार्डावर आधी छापलेला ठेवा. काउंटरवरून नुसती बाटली घेऊन जाणाऱ्याला ३० लावू नका, तिथे सेवा कसली? तो २० च देणार, आणि पुण्यात असल्याने निकालाचा परिच्छेदही वाचून दाखवेल.

शनिवारपेठी
आभारी आहे. वीजमीटर अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, फूड लायसन्स माझ्या, जीएसटी भागीदारीच्या.

वरचा_मजला
मग सभासदत्वाचा अर्ज दोन महिने थांबला तरी चालेल. आधी महावितरणकडे नावबदल आणि फूड लायसन्स भागीदारीच्या नावावर नवीन. ते व्यक्तीच्या नावावरून फर्मच्या नावावर सहज सरकत नाही, त्यामुळे नवीन हातात येईपर्यंत जुनं रद्द करू नका. तीनही कागदांवर एकच नाव आलं की पर्यटन संचालनालयाकडे जा.