मदत हवी आहे: डेंटलच्या मुलाखतीत ‘बदलाशी जुळवून घेणं’ कसं सांगू?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोलीची. बीडीएस झालं आहे, आता अमेरिकेत परदेशी दंतवैद्यांसाठी असलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग (म्हणजे थेट वरच्या वर्षात प्रवेश देणाऱ्या) अभ्यासक्रमासाठी ‘कॅपिड’ या सामायिक अर्जप्रणालीतून अर्ज केलाय. आपल्याकडे ‘नीट’च्या गुणांवर प्रवेश मिळतो, त्यामुळे अशा मुलाखतीची सवयच नाही.

बदलाशी जुळवून घेतल्याचा प्रसंग सांगा, असं तिथे हमखास विचारतात म्हणे. २०२० चा करोनाकाळ लगेच आठवतो. तेव्हा दातांवर काम करताना तोंडातून तुषार उडतात म्हणून तातडीचे सोडून बाकी उपचार थांबले, मग पीपीई किट घालून काम करायला शिकलो. पण हे तर सगळेच सांगणार! मला दुसरंच सांगावंसं वाटतं. चौथीपर्यंत मी मराठी शाळेत होते, पाचवीत एकदम सगळं इंग्रजीत आलं. पहिले काही महिने वर्गात तोंड उघडत नव्हते. मग रोजचा धडा घरी आईला मराठीत समजावून सांगू लागले, तिथून गाडी रुळावर आली. पुढे कोकणी बोलणाऱ्या पेशंटना रूट कॅनल समजावताना हीच सवय कामी आली. हा प्रसंग फार लहानपणचा वाटेल का?

शिवाय तिथे दातांचे क्रमांकही वेगळे: आपला ३६ त्यांचा १९. याची तयारी आतापासून करतेय, हे सांगावं का?

अशी मुलाखत दिलेल्यांनी कृपया सांगा, उत्तरावर पुढे काय खोदून विचारतात? कोणी फोनवर सराव घेईल का?