पांढऱ्या खिल्लार बैलाचे पेन्सिल-रेखाटन : गोलाई कशी दाखवावी?

प्रश्न
शेजारच्या गोठ्यातील खिल्लार बैलाचे रेखाटन मी कार्ट्रिज कागदावर (चित्रकलेच्या जाड कागदावर) एचबी (मध्यम) आणि ४बी (मऊ, गडद) पेन्सिलींनी करीत आहे. बैल पांढराशुभ्र आहे. परंतु शरीराची गोलाई दाखवण्यासाठी छटा देऊ लागताच तो राखाडी वाटू लागतो आणि छटा कमी ठेवल्यास चित्र सपाट राहते. मागच्या पायांचे कोनही पटण्याजोगे येत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १
पांढऱ्यासाठी कागद कोरा राखावा लागतो, म्हणून छटांची सुरुवात बैलापासून न करता त्याच्या मागच्या जागेपासून करावी. गोठ्यातला अंधार आणि गव्हाणीची सावली ४बीने गडद केली, की पाठीची आणि वशिंडाची कड आपोआप उठून दिसते व तेथे बाह्यरेषा ओढण्याची गरज उरत नाही. पोटाखालची सावली मात्र नीट पाहावी. उन्हातल्या जमिनीवरून परतलेला उजेड पोटाच्या अगदी खालच्या भागावर पडत असल्याने सर्वांत गडद पट्टा त्याच्या थोडा वर, बरगड्यांच्या वळणावर असतो, आणि माझ्या मते गोलाई मुख्यतः या एका पट्ट्यामुळेच येते. बोटाने घासणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळेच पांढरा बैल मळकट दिसतो.

उत्तर २
घासण्याबाबत मी थोडा वेगळा विचार करतो. गळ्याखालच्या पोळीच्या (लोंबत्या कातडीच्या) घड्यांत कागदी सुरळीचा (छटा घासून मऊ करण्याच्या कागदी गुंडाळीचा) हलका वापर शोभतो.
पायांविषयी सांगायचे, तर मागच्या पायाचा जो सांधा उलटा वळलेला गुडघा वाटतो, तो खरे तर घोटा असून त्याचे मागे आलेले टोक ही टाच आहे. खरा गुडघा बराच वर, पोटाच्या कडेला कातडीखाली असतो. त्याची जागा आधी खुणेने निश्चित केल्यास खालचे कोन जुळतात. शिंगे डोक्यावर बसवल्यासारखी काढू नयेत. खिल्लारची शिंगे कपाळाच्याच रेषेत मागे जातात आणि मग वर वळतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. नाकपुडी आणि खूर पूर्ण काळे करावेत का?

उत्तर २
प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय करू नयेत. खिल्लारच्या तापी (थिलारी) या उपप्रकारात नाकपुडी व खूर गाजरी रंगाचे असतात, तेव्हा तेथे एचबीची मध्यम छटा पुरेशी आहे. ४बीचा पूर्ण दाब डोळ्यांसाठी आणि खुरांमधल्या फटीसाठी ठेवावा. बैल दुपारी रवंथ करीत बसलेला असताना हे बारकावे टिपणे सोपे जाते.